एकशे दहा गाठी

नंदकिशोर गुप्त्यांचा उजवा हात थरथरतोय हे त्यांना कळलं, तेव्हा जहाजाचं सगळं लाकूडकाम संपलेलं होतं. त्याआधीही तो थोडाफार थरथरत असणार, पण लाकूड सांभाळून घेतं. पट्टी वाफेवर धरायची, वाकवायची, चिमट्यात अडकवायची आणि हात काढून घ्यायचा. पुढचं काम चिमटा करतो. दोऱ्याचं तसं नसतं. तो शेवटपर्यंत बोटांतच राहतो आणि बोटं काय करतायत ते सगळं दाखवतो.

गुप्ते बहात्तर वर्षांचे होते. गोदीत जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली होती. अख्खं जहाज त्यांनी कधी काढलं नाही. काढले ते छेद. इथून कापलं तर आत काय दिसेल, तिथून कापलं तर काय दिसेल. त्यामुळे हॅम्बुर्गला राहणाऱ्या मिहिरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, वाढदिवसाला जे खोकं पाठवलं ते त्यांना एकदम पटलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका युद्धनौकेचा मधला काप, सुटे लाकडी भाग जोडून घरी करायचा. पाव कापून मधली स्लाइस उभी करावी तसा. खाली कणा, दोन्ही बाजूंनी वर येणाऱ्या बरगड्या, त्यांच्या आत एकावर एक तीन मजले, तोफा, पिंपं, आणि मधोमध सगळे मजले भेदून वर गेलेली एक डोलकाठी. पुढचं टोक नाही, मागचं टोक नाही.

बोरीवलीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला लागून एक छोटी खोली होती. तिथे दीड वर्ष हे काम चाललं. मग डोलकाठीचे दोर बांधायची वेळ आली. काठीच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच दोर खाली उतरतात आणि तिला ताणून धरतात. त्या पाच दोरांवर आडव्या बावीस दोऱ्या बांधल्या की खलाशांना चढायची शिडी तयार होते. प्रत्येक दोरी प्रत्येक दोराला गाठ मारून. एका बाजूला एकशे दहा गाठी. गुप्त्यांनी पहिली गाठ मारायला तीन दिवस घेतले आणि ती भाताच्या शितासारखी दिसायला लागली. चौथ्या दिवशी त्यांनी जहाजावर जुनी चादर टाकली.

डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, कागदावर गोल काढायला लावला. म्हणाले, "पार्किन्सन नाही, घाबरू नका. पण जाणारही नाही हे."

घरी आल्यावर जयंतीबाईंनी विचारलं तेव्हा गुप्ते फक्त म्हणाले, "वयाचं आहे." जयंतीबाई पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उत्तर अपुरं असलं तर त्यांना ते लगेच कळायचं, पण त्या दिवशी त्यांनी पुढे विचारलं नाही. फक्त चादरीकडे एकदा बघितलं.

संक्रांतीनंतर जयंतीबाईंच्या मंगळसूत्राचा दोरा सैल पडला. चारकोपला सेक्टरमधल्या बैठ्या घरांत सुगंधा तावडे म्हणून एक बाई होत्या, त्यांच्याकडून त्या नेहमी मणी गाठवून घ्यायच्या. पण थंडीत गुडघा धरला होता. "तुम्हीच जाऊन या," त्या म्हणाल्या. "आणि तिथे बसून गाठवून घ्या. ठेवून येऊ नका."

गुप्ते रिक्षानं गेले. सुगंधाताई साधारण सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, केस घट्ट मागे बांधलेल्या. पुढच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून बसल्या होत्या. समोर ताटलीत काळे मणी.

"बसा काका, खुर्ची घ्या. काकू नाही आल्या?"

"गुडघा."

"अगो बाई. अर्धा तास लागेल हां."

त्यांनी जुना दोरा कापला, मणी सोडवले, नवा दोरा मेणावरून दोनदा ओढला, त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि सुरुवात केली. दोन मणी, एक गाठ. दोन मणी, एक गाठ. प्रत्येक गाठ सुईच्या टोकानं सरकवत अगदी मण्याच्या अंगाला नेऊन बसवायची. गुप्ते आधी सहज बघत होते, मग पुढे वाकून बघायला लागले.

"तुमचा हात हलत नाही," ते म्हणाले.

"हलतो ना. हलल्याशिवाय गाठ कशी बसेल?" सुगंधाताईंनी मान वर न करताच उत्तर दिलं. मग गुप्त्यांचा मांडीवर ठेवलेला हात त्यांना दिसला आणि त्यांनी पुढचे दोन मणी ओवले.

काम झाल्यावर गुप्त्यांनी मंगळसूत्राची डबी खिशात ठेवली, पण उठले नाहीत. मोबाईल काढून त्यांनी जहाजाचा फोटो पुढे धरला.

सुगंधाताईंनी चष्मा वर केला. "अर्धवट राहिलंय?"

"नाही, एवढंच असतं हे. मधला भाग फक्त."

"म्हणजे पुढचं नाही, मागचं नाही?"

"नाही."

"मग पाण्यात टाकलं तर?"

"बुडेल."

"मग एवढं करायचं कशाला?"

"आत काय असतं ते दिसावं म्हणून," गुप्ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. लाकडाचं झालंय, दोऱ्यांचं माझ्याच्यानं होत नाही. दोनशेवीस गाठी आहेत. तुम्ही बांधाल का?

सुगंधाताई हसल्या. "काका, मी सोन्याचं काम करते, तुम्ही मला खेळण्याला बोलावताय." पण फोन त्यांनी लगेच परत दिला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला. "मंगळवारी दुपारी माझ्याकडे काम कमी असतं," त्या शेवटी म्हणाल्या.

मोबदल्याचं जयंतीबाईंनी फोनवरच ठरवून टाकलं, त्यात गुप्त्यांना पडावं लागलं नाही.

पहिल्या मंगळवारी सुगंधाताई आपला मेणाचा गोळा, सुया आणि पत्र्याची डबी घेऊन आल्या. खुर्ची त्यांनी नाकारली. पाटावर बसल्या आणि जहाज समोरच्या स्टुलावर ठेवायला लावलं. गुप्त्यांनी चादर काढली आणि कणा, बरगड्या, तोफा, डोलकाठी असं एकेक दाखवत गेले. बोलताना त्यांचा हात जास्त थरथरत होता, पण ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. सुगंधाताई मान तिरकी करून काठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोरा दाखवा."

खोक्यातला दोरा त्यांनी उजेडात धरला. "ह्याला केस आहेत."

"म्हणजे?"

"तंतू सुटलेत हो. असाच बांधला तर गाठ फुगणार." त्यांनी तो मेणावरून ओढला आणि परत दाखवला. दोरा काळ्या तारेसारखा झाला होता. तुमच्या शितासारख्या गाठीत अर्धा दोष ह्याचाच, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यानंही गुप्त्यांना बरं वाटलं.

गाठ साधीच होती. दोराभोवती दोन फेरे, दुसरा फेरा पहिल्याला दाबून धरतो. गुप्त्यांनी जाड सुतळीवर ती दाखवली, सुगंधाताईंनी एकदा करून बघितली आणि मान हलवली. पुढे कामाची वाटणीही आपोआप झाली. अंतराच्या खुणा गुप्ते सांगायचे, खोक्यातलं सूचनांचं पुस्तक ते वाचायचे, चिमटे तेच लावायचे. दोरा सुगंधाताईंच्या हातात. डोलकाठीवरून पाच दोर डाव्या बाजूला उतरले. प्रत्येकाच्या टोकाला तीन भोकांची लाकडी चकती होती, तिच्या खाली जहाजाच्या अंगाला तसलीच दुसरी. दोन्ही चकत्यांमधून बारीक दोरी ओवून ताणली की दोर ताठ व्हायचा. मग खालून वर, एकेक आडवी पायरी.

मंगळवारबरोबर हळूहळू शनिवारही यायला लागला. जयंतीबाई चहा घेऊन यायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या. "किती झाल्या?"

"साठ."

"म्हणजे चौपन्न पूर्णांक पाच दशांश टक्के."

"काकू, तुम्ही मोजा, मी बांधते," सुगंधाताई म्हणायच्या.

पाचव्या की सहाव्या खेपेला एक गोष्ट घडली. डाव्या बाजूच्या खालच्या पायऱ्यांसाठी सुगंधाताईंना डोकं बरंच खाली घालावं लागत होतं, आणि त्यांचे डोळे जहाजाच्या पोटाच्या पातळीला आले होते. हात थांबला. त्या आत बघत राहिल्या.

"काका, ह्या मजल्याची उंची किती असेल? खऱ्या जहाजात?"

गुप्त्यांनी मोजपट्टी लावली, प्रमाणानं गुणलं. "साडेचार फूट. फार तर पावणेपाच."

"मग माणसं उभी कशी राहायची?"

"वाकून. आडव्या तुळयांखाली तर आणखी वाकून."

सुगंधाताईंनी सुई डबीतल्या छोट्या उशीत टोचून ठेवली. "माझे बाबा गलबतावर होते," त्या म्हणाल्या. "सहदेव नाव त्यांचं. गिरणीत लागायच्या आधी नऊ वर्षं खलाशी होते, देवगडकडे. कौलं भरून आणायचे. ती आत रचायचं काम बाबांकडे. मी काही ते बघितलं नाही, माझा जन्म लालबागचा. पण बाबा कुठल्याही दारातून जाताना मान खाली घालायचे. आमची चाळ काय ठेंगणी नव्हती. गिरणीचा दरवाजा तर ट्रक जाईल एवढा, तिथेसुद्धा वाकायचे. सगळे हसायचे. आई म्हणायची, आमचो माणूस दारांका मुजरो करता."

गुप्त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली.

"आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे. गरीब माणूस, जरा दबून राहतो." त्यांनी एका तुळईखाली करंगळी घालून बघितली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. विचारलंच नाही कुणी."

त्या दिवशी त्यांनी आणखी गाठी बांधल्या नाहीत. गुप्त्यांनी त्यांना कण्यापासून वरपर्यंत सगळं पुन्हा एकदा दाखवलं, आणि ह्या वेळी सुगंधाताईंनी शब्द दिले. बाबा कण्याला पठाण म्हणायचे. बरगड्यांना वांक. शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात ते परबाण. गुप्त्यांनी ते वहीत लिहून घेतले. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं.

मार्चच्या सुरुवातीला डावी बाजू पुरी झाली. एकशे दहा गाठी, सगळ्या सारख्या, शिडी अशी की मुंगीनं खरंच चढून जावं. जयंतीबाईंनी भिंग लावून तपासली आणि चूक सापडली नाही असं जाहीर केलं.

मग उजवी बाजू. सुगंधाताईंनी डावीकडच्या मापानंच पाच दोर कापले, चकत्या बांधल्या, दोर काठीवरून खाली सोडले. डावीकडे वरच्या आणि खालच्या चकतीत बोटभर अंतर होतं. उजवीकडे जेमतेम अर्धं बोट.

"दोर लांब कापलेत तुम्ही," गुप्ते म्हणाले.

सुगंधाताईंनी एक दोर सोडवला, त्याच मापाचा उरलेला नमुना डबीतून काढला, दोन्ही शेजारी धरले. सारखे होते. "दोर बरोबर आहेत काका. काठी इकडे कलली आहे."

"काठी सरळ आहे."

"नाहीये. बघा ना इकडून."

"सुगंधाताई, चौतीस वर्षं मी जहाजांचे नकाशे काढलेत," गुप्त्यांचा आवाज चढला. "सरळ काय आणि वाकडं काय हे मला कळतं. तुम्ही आपलं मण्यांचं बघा."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती तीनदा बंद पडली. सुगंधाताईंनी दोरा रिळाला गुंडाळला. सुई उशीत टोचली. डबीचं झाकण लावलं. स्वयंपाकघराच्या दारात थांबून "येते काकू," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

जयंतीबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय बोललात तिला?"

"काही नाही."

"मी ऐकलं."

"मग विचारतेस कशाला?"

"काठी सरळ आहे ना?" जयंतीबाई म्हणाल्या. "सिद्ध करा."

शनिवार आला, सुगंधाताई आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. गुप्ते दोन्ही वेळा फिरायला जात होते, पेपर वाचत होते, खालच्या लोकांशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. बाल्कनीशेजारच्या खोलीत मात्र जात नव्हते. बुधवारी सकाळी ते आत गेले. एक दोरा घेतला, त्याला नट बांधला आणि काठीच्या माथ्याशेजारून सोडला. नट डुलत राहिला. गुप्त्यांच्या हातानं तो आणखी डुलला असता, म्हणून त्यांनी दोऱ्याचं वरचं टोक पडद्याच्या दांडीला बांधलं आणि खुर्चीत बसून वाट बघितली. नट थांबला. वर काठी दोऱ्याला टेकलेली होती आणि खाली तिच्या बुंध्यापाशी स्वच्छ उजेड दिसत होता. त्यांनी पट्टी लावली. चार मिलिमीटर.

ते तिथेच बसून राहिले. काठी चिकटवली तो दिवस त्यांना आठवत होता. सरस लावून झाला, काठी भोकात बसवली, आणि हाताला एकदम हिसका बसला. काठी हलली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, सरस सुकेपर्यंत धरून ठेवली. नंतर काटकोन बरोबर आलाय का ते गुण्या लावून बघायचं असतं. गुण्या समोरच्या ड्रॉवरमध्ये होता. त्यांनी ड्रॉवर उघडला नाही. बघितलं असतं तर काठी वाकडी आहे एवढंच कळलं नसतं, हात गेला हेही कळलं असतं.

जयंतीबाईंना त्यांनी आकडा सांगितला.

"मग फोन करा तिला."

"फोनवर नको," गुप्ते म्हणाले.

चारकोपला सुगंधाताईंच्या दारात चपलांचे बरेच जोड होते. लग्नसराईचं काम आलं होतं, दोन बायका आपापल्या डब्या घेऊन बसल्या होत्या. गुप्ते बाहेरच्या कट्ट्यावर बसले. त्या बायका गेल्यावर सुगंधाताईंनी हाक मारली, "या काका."

गुप्ते खुर्चीत बसले. "काठी वाकडी आहे," त्यांनी सांगून टाकलं.

"हो."

"मला ते लावली तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणजे... कळेल म्हणून मी बघितलंच नाही. आणि तुम्ही सांगितलंत तर तुमच्यावर ओरडलो. मण्यांचं बघा म्हणालो, ते फार चुकलं माझं."

"ते लागलं मला," सुगंधाताई म्हणाल्या. आवाज साधाच होता. "चाळीस वर्षं मण्यांचंच बघतेय. त्यात काय वाईट आहे?"

"काहीच नाही."

त्यांनी दोन मणी ओवले, गाठ मारली, सरकवली. मग हातातलं काम खाली ठेवलं. "एक माझंही आहे. मला ते पहिल्याच मंगळवारी दिसलं होतं."

"काय?"

"काठी. तुम्ही चादर काढलीत ना, तेव्हाच. डोळ्याला सवय असते, माळ एका बाजूला जड झाली की लगेच दिसतं."

गुप्ते बघत राहिले. "मग बोलला का नाहीत? एकशे दहा गाठी बांधल्यात तुम्ही!"

"तुम्ही एवढ्या कौतुकानं दाखवत होतात, कसं बोलायचं? म्हटलं नंतर सांगू. नंतर बाबांचं ते निघालं. मग वाटलं, सांगितलं तर हे सगळं मोडतील, कंटाळून ठेवून देतील, चादर टाकतील परत. आणि मला ते थांबवायचं नव्हतं." त्या जरा ओशाळून हसल्या. "सकाळपासून मी जे करते ते कुणाच्या तरी गळ्यात जायचं असतं काका. हे पहिलंच काम, जे कुणाच्या गळ्यात जाणार नव्हतं. उजव्या बाजूला मात्र लपवता येईना."

मग गुप्ते म्हणाले, "म्हणजे आपण दोघंही चोर."

"तुम्ही मोठे, मी धाकटी," सुगंधाताई म्हणाल्या आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

शनिवारी त्या आल्या. डावी बाजू कापावी लागणार हे कुणालाच सांगायला नको होतं. दोर ताणलेले असताना काठी हलवता आली नसती. सुगंधाताईंनी कात्री उचलली, मग गुप्त्यांकडे बघितलं. "तुम्ही कापता?"

"माझा हात..."

"कापायला कशाला हात स्थिर लागतो?"

गुप्त्यांनी कात्री घेतली. पहिला दोर कापला तेव्हा बारीक ट्चक असा आवाज आला आणि शिडी एका कडेनं लोंबली. पाचवा कापल्यावर ती अख्खीच्या अख्खी त्यांच्या तळहातावर आली, कोळ्याच्या जाळ्याइतकी हलकी. सुगंधाताईंनी ती उचलून गुंडाळली आणि केराच्या टोपलीत टाकली. गुप्त्यांच्या तोंडून "अहो!" निघून गेलं.

"काय अहो? आता मला येते ना बांधायला."

सरस सोडवायला दुपार गेली. कापसाच्या बोळ्यानं गरम पाणी लावत राहायचं, मऊ झालं का बघायचं, परत लावायचं. चार वाजता काठी भोकात हलली. साडेचारला निघाली. जुना सरस खरवडून झाल्यावर तिघंही कामाला लागली. सुगंधाताईंनी काठी दोन बोटांत धरली. जयंतीबाई गुडघा विसरून पुढच्या बाजूला स्टुलावर बसल्या, एक डोळा मिटून, ओळंब्याच्या दोऱ्याकडे बघत. गुप्ते बाजूनं गुण्या लावून होते. गुण्या जहाजाच्या वरच्या मजल्याला टेकवलेला होता, त्यामुळे हात थरथरला तरी चालत होतं.

"उजवीकडे. थोडं. थोडं म्हटलं मी!"

"काकू, केसभर हलवली."

"केस जाड आहेत तुझे. डावीकडे आता. अंऽऽ, थांब. थांब! अहो, तुमच्याकडून?"

"बरोबर."

"नक्की ना? नंतर ऐकून घेणार नाही मी."

"नव्वद अंश," गुप्ते म्हणाले. "लिहून देतो."

सुगंधाताईंनी पंचवीस मिनिटं काठी तशीच धरून ठेवली. मध्ये नाकाला खाज सुटली तेव्हा जयंतीबाईंनी पदरानं नाक पुसून दिलं, आणि तिघांनाही हसू आवरेना. काठी मात्र हलली नाही.

दोन्ही बाजू पुऱ्या व्हायला मे उजाडला. दुसऱ्या वेळी डावी बाजू लवकर झाली, आणि सुगंधाताईंच्या मते आधीपेक्षा बरी झाली. गुप्त्यांना फरक दिसला नाही, तसं त्यांनी सांगितलंही. हात तसाच थरथरत राहिला. ते आता पाहुण्यांसमोर तो खिशात घालत नसत. कप दोन्ही हातांनी धरायचे. मिहिरचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी फोन सुगंधाताईंच्या हातात दिला, कारण चित्र स्थिर दिसायला हवं होतं. त्यांनी फोन कण्यापासून हळूहळू वर नेला, डोलकाठीच्या माथ्यापर्यंत.

"बाबा, झकास झालंय यार! दोऱ्या तुम्ही बांधल्यात?"

"ह्या सुगंधाताईंनी," गुप्ते म्हणाले. "वाकडी काठी मी लावली होती. तीही ह्यांनीच सरळ केली."

सुगंधाताईंनी कॅमेरा स्वतःकडे वळवला नाही. "नमस्कार," एवढं मात्र मागून म्हणाल्या.

जहाज बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. पेटी येईपर्यंत त्यावर पुन्हा चादर घालायला जयंतीबाईंनी मनाई केली. त्या रोज सकाळी मऊ ब्रशनं धूळ काढायच्या.

त्यानंतरच्या मंगळवारी काम काहीच नव्हतं, तरी सुगंधाताई आल्या. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "काका, खोक्यात नकाशा आला होता म्हणून आपण हे केलं. नकाशा नसेल तर?"

"तर आधी नकाशा काढायचा."

"तुम्ही काढाल?"

गुप्त्यांनी हात पुढे धरून दाखवला. सुगंधाताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "पट्टी मी धरीन," त्या म्हणाल्या. "बाबांचं गलबत. असंच, मधलं कापलेलं."

"पण मापं कुठून आणायची?"

"द्रौपदी आत्या आहे ना. बाबांची धाकटी बहीण. अठ्ठ्याऐंशीची आहे, पण डोकं शाबूत. भाकरी घेऊन जायची ती बंदरावर, आत उतरायची."

फोन लागला. सुगंधाताईंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. गावाकडे कोंबडं ओरडत होतं.

"आत्ये, गे, बाबांच्या गलबताक वांक किती होते?"

"कित्याक गो? इकूचा आसा?" आत्याला विकायचा संशय आला.

"नाय गे, काढूचा आसा. कागदावर."

"वांक कोण मोजता? मिया भाकरी घेवन जाय." जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. गुप्त्यांना वाटलं फोन कट झाला. मग आत्याचा आवाज परत आला, आधीपेक्षा सावकाश. "मधे एक पाण्याचा पिंप होता. त्याच्या ह्या बाजूक पाच, त्या बाजूक... रव हां. डोळे मिटान बघतंय."

जयंतीबाईंनी पेन्सिलीला टोक केलं. गुप्त्यांनी मोठा कागद पसरला आणि त्याचे चार कोपरे चहाच्या कपबश्यांनी दाबले. सुगंधाताईंनी पट्टी कागदाच्या मधोमध उभी ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"त्या बाजूक सहा," आत्या म्हणाली. "लिवलंस?"